दुसरी किल्ली

काहीही नवं दाखवलं की ते दोन बोटं वर करायचे. पेन दाखवा, दोन बोटं. छत्री दाखवा, दोन बोटं. "झकास हाय की. आणि दुसरं?"

"दुसरं कशाला?"

"हे गेलं तर?"

या 'हे गेलं तर'नं त्यांनी आमचं अख्खं हॉस्पिटल पिडलं होतं. खिशाला दोन पेनं, डब्यात दोन चमचे, मनगटावर एक आणि पिशवीत एक अशी दोन घड्याळं. छत्र्याही दोनच, एक घरी आणि एक कामावर; त्यामुळे पाऊस वाटेत आला की नेमके भिजायचे. लॅबमधल्या मुलीनं लग्नाची पत्रिका दिली तेव्हासुद्धा त्यांची दोन बोटं सवयीनं वर गेली. लक्षात आल्यावर हात पाठीमागं लपवला आणि कानापर्यंत लाल झाले. त्या दिवसापासून सगळे त्यांना जोडीसाहेब म्हणायला लागले. हे नाव ठेवलं मीच. लोकांना नावं ठेवणं हा तेव्हा माझा मुख्य धंदा होता, केस पेपर काढणं हा जोडधंदा.

तुमच्याही कामाच्या जागी असा कुणीतरी असणार. सगळं सुरळीत चालतं ते त्याच्यामुळं, आणि सुरळीत चालतं म्हणूनच त्याच्याकडं कुणी बघत नाही.

आता मी सत्तरी पार केलेली आजी आहे. गुडघे दोन्ही बदलून घेतलेत, जोडीनं. साहेबांना आवडलं असतं. पण ही गोष्ट नव्वदच्या दशकात सुरू होते. तेव्हाची मी म्हणजे राजारामपुरीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात केस पेपरच्या खिडकीवर बसणारी चाळिशीची बया. अक्षर मोत्यासारखं, त्याचा गर्व डोंगराएवढा. हॉस्पिटलात कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर ती बया आठ दिवस जेवली नाही, म्हणजे घरून डबा नेला नाही. कँटीनमध्ये मिसळ खात होती.

कॉम्प्युटर आले, आणि त्यांच्यामागोमाग ते सांभाळायला जोडीसाहेब आले. मूळचे हुपरीचे. वडील चांदीचे पैंजण घडवायचे. घरात कानडी मिसळलेली मराठी. आईला अव्वा म्हणायचे. बारीक अंगाचे, दाढी चुकून राहिल्यासारखी, बोलणं हळू. कोल्हापुरात हळू बोलणारा माणूस आजारी समजला जातो, त्यामुळे पहिले दोन दिवस शिपाई त्यांना ओपीडीच्या रांगेतच बसवत होता.

सुरुवातीला सर्व्हर एकच होता. म्हणजे सगळ्यांचे कागद पोटात ठेवणारं मोठं मशीन. खिडकीवरचे, लॅबमधले, औषधांच्या काउंटरवरचे सगळे कॉम्प्युटर त्यालाच विचारून बोलायचे. एका शनिवारी भर ओपीडीत ते बसलं. रांग पार फाटकाबाहेर गेली. ती बया मनातून खूश. "बघा, माझी वही कधी बंद पडली होती का?" असं रांगेतल्या प्रत्येकाला ऐकवत होती.

तेवढ्यात वरून सिस्टर धावत आली. बाळंतपणात अडलेली एक बाई टेबलावर होती, रक्त द्यायचं होतं आणि तिचे सगळे रिपोर्ट त्या बसलेल्या मशीनच्या पोटात होते. पुन्हा नमुना घ्या, पुन्हा तपासा. बाई वाचली. पण तो अर्धा तास साहेब मशीनसमोर उकिडवे बसून होते आणि त्यांच्या तोंडाला रंग नव्हता. मी उंबऱ्यातून बघितलं, आणि त्या दिवशी रांगेत पुन्हा वहीचं नाव काढलं नाही.

त्यानंतर दुसऱ्या मशीनसाठी त्यांनी तीन वर्षं अर्ज केले. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती.

शेवटी नवी जोडी आली. सगळा स्टाफ बघायला गेला. दोन काळी कपाटं शेजारी शेजारी, आणि मध्ये एक बारीक तार.

"हे बघा बाई," साहेब मला म्हणाले. "ह्यो पयला, ह्यो दुसरा. काम पयलाच करतो. दुसरा नुसता बसतो."

"म्हणजे आमच्या हेडक्लार्कसारखा."

"न्हाय. हेडक्लार्क झोपत्यात. ह्यो जागा असतो. ह्या तारेतनं सारखा पयल्याला विचारतो, हायस? पयला म्हणतो, हाय. पुन्हा विचारतो, हायस? हाय. दिवसभर, रातभर तेवढंच."

"आणि पयला बोललाच नाही तर?"

"तीनदा हाक मारतो. तीन हाकांना उत्तर न्हाय आलं, की समजायचं पयला गेला. मग त्याचं नाव घेतो, त्याच्या जागी बसतो, आणि काम पुढं चालू. दोघांचं दप्तर एकच हाय, त्या तिसऱ्या कपाटात. त्यातल्या तबकड्याबी जोडीनं, एकीवर लिवलं की दुसरीवर उमटतंय. तुमच्या खिडकीला कळतबी न्हाय कोण बदललं ते."

हे शेवटचं वाक्य ते सगळ्यांना सांगायचे. खिडकीला कळता कामा नये. पलीकडं कुणी गेलं, कुणी आलं, रांगेतल्या माणसाला त्याचा पत्ता लागता कामा नये. विजेच्या लाइनी दोन, बॅटऱ्या दोन, नेटवर्कच्या केबली दोन आणि त्याही वेगवेगळ्या भिंतींतून नेलेल्या, कारण एका भिंतीत उंदीर शिरला तर दुसरी राहावी.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी काय दिवे लावले ते ऐका. शस्त्रांची पूजा, म्हणून आम्ही ऑपरेशनच्या कात्र्यांपासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मग मी झेंडूचा लांब हार घेऊन मशीनच्या खोलीत गेले. जोडी आहे, तर दोघांना मिळून एकच हार घालू, असं त्या बयेच्या मनात आलं. मधली तार आडवी येत होती. दिसायलाही कळकट. म्हणून मी ती ओढून काढली आणि हार नीट बसवला.

खट्! एक कपाट गपकन विझलं. व्हरांड्यात घंटा ठणाणा वाजायला लागली. आई अंबाबाई कोपली म्हणून मी नारळ हातात धरून तिथंच बसले.

साहेब धावत आले. एकदा तारेकडं बघितलं, एकदा हाराकडं, आणि चक्क हसायला लागले.

"बाई, तुम्ही दोघांची ताटातूट केलीसा. दुसऱ्यानं हाक मारली, उत्तर न्हाय. मग त्यानं पयल्याची वीज तोडली आणि स्वतः कामाला बसला."

"पण पयला तर जिवंत होता ना? जिवंतपणी वीज तोडली?"

"तोडायलाच लागती. न्हायतर दोघंबी मीच मालक म्हणून एकाच वहीत लिवत्यात आणि वही फाटती." मग तार पुन्हा जोडता जोडता म्हणाले, "तार तुटली का माणूस गेला, हे पलीकडच्याला कळत न्हाय बाई. त्याला फकस्त एवढंच कळतंय, की उत्तर येत न्हाय."

त्या दिवशी एकाही खिडकीवर काही थांबलं नव्हतं. त्यांनी आनंदानं पेढे खाल्ले. दोन.

तेव्हापासून त्यांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासणी सुरू केली. दुपारी तीनला ओपीडी बंद असताना खोलीत जायचं आणि चालू मशीनची वायर उपसायची. व्हरांड्यात घंटा वाजली, म्हणजे दुसरा जागेवर बसला. हेडक्लार्क वैतागायचे. "निदान आधी सांगत जा."

"सांगून केली ती तपासणी न्हवं साहेब. ते नाटक."

माझी रविवारची पाळी असली की मी घंटेची वाट बघायचे. तीनला घंटा, की चहा सांगायचा, असं माझं गणित बसलं होतं.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ते चौकशीखोरपणानं. चाळिशीचा माणूस, लग्न नाही, म्हणजे काहीतरी भानगड असणार असं त्या बयेनं ठरवलं होतं. घर मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. अव्वांनी दार उघडलं. आत पलंगावर त्यांची थोरली बहीण बसली होती, अक्का. पन्नाशीला टेकलेली, केसांच्या दोन वेण्या, समज पाच वर्षांच्या पोरीची. पायांत वडिलांनी घडवलेले पैंजण. साहेब आत चहा टाकत होते.

अक्कानं मान वर केली. "हायस?"

आतून आवाज आला. "हाय."

मग तिनं पुन्हा बाहुलीत डोकं घातलं. दोन मिनिटांनी पुन्हा. "हायस?" "हाय." चहा होईपर्यंत सात-आठ वेळा. उत्तराला जरा उशीर झाला की पैंजण थांबायचे आणि तिचा चेहरा पडायचा.

"अहो, तुमच्या घरीपण तीच तार!" मी म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले.

साहेब हसले नाहीत. "ही तार पयली. मशीनची मागनं आली."

मग कप पुढं करत म्हणाले, "अव्वा हाय, मी हाय. तिच्यापाशी कायम दोघांतलं एक. मी कामावर, तर अव्वा घरात."

मी पैंजणांचं कौतुक केलं. जोडी छान आहे म्हणाले. त्यावर साहेब म्हणाले, "पैंजणाची जोडी निराळी बाई. त्यातलं एक हरवलं की दुसरं निकामी. आमच्या हुपरीत सुटं पैंजण कुणी हातात घेत न्हाय. जोडी मशीनसारखी पायजे. एक गेलं तरी चाल मोडू ने."

दोन-तीन वर्षांत अव्वा गेल्या. तेराव्यानंतर साहेब कामावर आले आणि माझ्या खिडकीवर एक किल्ली ठेवली.

"घराची दुसरी हाय. तुमच्यापाशी असू दे."

मी ती माझ्या जुडग्यात अडकवली. मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं, चार जणींना सांगूनही झालं. कशासाठी दिली, हे मात्र विचारलं नाही.

आता अक्काजवळ ते एकटेच. सकाळी तिला आवरून, खाऊ घालून, कुलूप लावून यायचे. दुपारी जेवायला घालायला जायचे. संध्याकाळी पळत घरी. हुपरीच्या चुलतभावाला विचारलं, तो म्हणाला, "बघू की." आमच्यात 'बघू की' म्हणजे 'न्हाय' हे तुम्हाला माहीत आहेच. हॉस्पिटलकडं त्यांनी आपलं काम शिकायला हाताखाली दुसरा माणूस मागितला. ऑफिसनं उत्तर दिलं, तुमची मशीनं तर कधी बंदच पडत नाहीत, दुसरा माणूस हवाय कशाला? ते पत्र त्यांनी मला दाखवलं. दोन बोटं वर केली नाहीत. नुसती घडी घालून खिशात ठेवलं.

त्याच सुमाराला ते जिना चढताना मध्ये थांबायला लागले. आमच्याच डॉक्टरांनी तपासलं. छातीचं ऑपरेशन करून घ्या म्हणाले, आठ-दहा दिवस झोपून राहावं लागेल.

"मग करून घ्या की," मी म्हणाले.

"मी हितं झोपलो, तर अक्कापाशी कोण?"

मी पदर सावरला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली. तेव्हाची मी फार हुशार होते. कुठला प्रश्न ऐकू येऊ द्यायचा नाही हे मला बरोबर कळायचं.

आता त्या रविवारचं सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी दहाला साहेब अक्काला घेऊन आमच्या दारात. तिला नवीन झंपर, वेण्यांना रिबिनी. "बाई, जरा इचलकरंजीला जाऊन येतो. दोन तासांत आलो. बसंल ती गप."

पहिला तास मजेत गेला. अक्कानं माझ्याबरोबर शेंगा सोलल्या. मध्येच विचारायची, "हायस?" मी म्हणायचे, "येईल हं." ते तिला पटायचं नाही. तिला 'हाय' हवं होतं. बारा वाजले, एक वाजला. साहेबांचा पत्ता नाही. आणि चार वाजता माझ्या लेकीला, मंगलला, बघायला सांगलीचे पाहुणे येणार होते.

तीनपासून अक्का दाराशी उभी राहिली. "हायस? हायस?" आवाज चढत चाललेला, पैंजण आपटत होती. मंगल रडकुंडीला आली. "आई, ते लोक काय म्हणतील? आपल्या घरातलीच आहे असं वाटेल त्यांना!"

ती बया उठली. अक्काला गोड बोलून मागच्या खोलीत नेलं, हातात लाडू दिला, आणि बाहेरून कडी घातली. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, असं मनाशी म्हणाली. मग तोंड पुसून, नथ घालून पाहुण्यांना पोहे द्यायला गेली.

पाहुणे बसले. आतून आवाज यायला लागला. "हायस?" मी मोठ्यानं हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. "हायस?" मी आणखी मोठ्यानं. दारावर हात आपटायला लागले. सांगलीच्या बाईंनी बशी खाली ठेवली.

"शेजारची आहे," मी म्हणाले. "वेडसर आहे जरा."

तेव्हाच उंबऱ्यात साहेब उभे असलेले दिसले. कुणाकडंही न बघता ते सरळ मागं गेले, कडी काढली. "हाय," म्हणाले. "हाय, हाय, हाय." अक्काच्या हाताची कड लाल झाली होती. लाडू तसाच मुठीत, चुरा झालेला.

जाताना ते माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता शिव्या घालतील. मला तेव्हा त्या हव्या होत्या.

"चूक माझी हाय बाई," ते हळू म्हणाले. "माणसाची अशी तपासणी घ्यायची नसती."

मागून कळलं, ते इचलकरंजीला गेलेच नव्हते. आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्याजवळ दिवसभर बाकड्यावर बसून होते. ऑपरेशनसाठी आठ दिवस अक्काला माझ्याकडं ठेवता येईल का, ते बघत होते. गाडेवाल्यानंच सांगितलं. "तीन वाजंपतूर लई खुशीत हुतं बघा. म्हनत हुतं, जमलं वाटतंय."

आणि ते स्थळ? त्यांनी नकार कळवला. मुलीची उंची कमी पडते म्हणाले.

साहेबांनी त्यानंतर मला एका शब्दानं दुखावलं नाही. पेढा आणला तर पूर्वीसारखाच द्यायचे. ऑपरेशनचा विषय मात्र पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. ती किल्ली त्यांनी परत मागितली नाही, आणि मला द्यायची लाज वाटली. ती जुडग्यात तशीच राहिली, माझ्या कपाटाच्या आणि डब्याच्या किल्लीच्या मध्ये.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एका महिन्याच्या पहिल्या रविवारी माझी पाळी होती. तीन वाजले. घंटा वाजली नाही. सव्वातीन झाले. चहावाला येऊन गेला. मनात आलं, विसरले असतील. मग आलं, ते विसरत नाहीत. मग आलं, त्यांच्या घरी कोणत्या तोंडानं जायचं? उद्या बघू.

सोमवारी ते आले नाहीत. कुणी विचारलंही नाही. विचारणार कशाला? सगळ्या खिडक्या सुरू, लॅब सुरू, औषधांचा काउंटर सुरू. त्यांच्या घरी दोन फोन होते, एक भिंतीजवळचा आणि एक मोबाइल. मशीन बंद पडलं असतं, तर पाच मिनिटांत दोन्ही खणखणले असते. पण त्यांनी सगळं इतकं चोख बांधलं होतं की त्यांच्यावाचून काहीच अडलं नाही. खिडकीला कळता कामा नये, म्हणायचे. नाहीच कळलं.

मंगळवारी सकाळी मी शिपाईमामांना बरोबर घेऊन साहेबांच्या घरी गेले. खालचे शेजारी सुट्टीला गावी गेलेले. जिना चढताना वरून आवाज आला. आवाज कसला, खरखर होती नुसती.

"हायस?"

मामा म्हणाले, "बाई, किल्ली हाय न्हवं तुमच्यापाशी?"

होती. रविवारी तीन वाजता होती, सोमवारी दिवसभर होती. माझ्या कमरेला खोचलेली.

दार उघडलं. साहेब खुर्चीत होते, मान एका बाजूला. डॉक्टर नंतर म्हणाले, शनिवारी संध्याकाळीच गेले असावेत. अक्का त्यांच्या पायांशी बसली होती, एक हात त्यांच्या गुडघ्यावर. आत जाऊन तिनं पाण्याचे दोन पेले आणले होते. एक रिकामा होता. दुसरा त्यांच्यासमोर भरलेला.

तिनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. वर त्यांच्या तोंडाकडं बघून पुन्हा विचारलं, "हायस?"

मी तेव्हा काहीतरी म्हणायला हवं होतं. मामा म्हणाले. मोठ्यानं रडत म्हणाले, "न्हाय गं बाय, न्हाय आता."

महिन्याच्या आत त्यांच्या जागेवर हॉस्पिटलनं पुण्याहून माणसं आणली. दोघं. एक रजेवर गेला तर काम अडू नये म्हणून.

अक्काला हुपरीचा चुलतभाऊ घेऊन गेला आणि पंधरा दिवसांत सांगलीच्या पुढं एका आश्रमात ठेवून आला. तिला नेलं त्या दिवशी मी तिथं होते. 'माझ्याकडं राहू दे' हे शब्द घशापर्यंत आले होते. घसा माझाच, त्यामुळे पुढं आले नाहीत.

दिवाळीनंतर मी तिला भेटायला गेले. आश्रमाची जागा स्वच्छ होती, माणसं चांगली होती, ते खोटं बोलणार नाही. अक्का फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसली होती. केस बारीक कापलेले, पाय मोकळे. पैंजण कुणाला लागतील म्हणून काढून ठेवलेत, असं तिथल्या बाई म्हणाल्या.

"दिवसभर तेच विचारते हो. काय म्हणायचं असतं तिला?"

"नुसतं 'हाय' म्हणायचं," मी म्हणाले.

"म्हटलं की आम्ही. सगळ्यांनी म्हणून बघितलं. गप्पच होत नाही."

मी अक्काजवळ बसले. तिनं फाटकाकडं बघत विचारलं, "हायस?"

"हाय," मी म्हणाले. त्यांच्यासारखं हळू म्हणाले.

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. ओळखलं असेल, असं मला वाटतं. मग फाटकाकडं तोंड केलं आणि माझ्या अंगावरून, मी तिथं नसल्यासारखं, पुन्हा विचारलं, "हायस?" एसटीला उशीर होत होता. रस्त्याला लागेपर्यंत मला ऐकू येत होतं.

मशीन तीन हाकांत समजतं, पलीकडचा गेला. अक्का पावसाळा, दिवाळी, थंडी, सगळं ओलांडून विचारत राहिली.

पुन्हा गेले ते पुढच्या उन्हाळ्यात. ती त्याच कट्ट्यावर होती, मांडीवर हात ठेवून. मी शेजारी बसले. वाट बघितली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतल्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "आता शहाणी झालीय हो. महिना झाला, एक हाक नाही."

मी तिचा हात धरला. "हाय," म्हणाले. "अक्का, हाय मी."

तिनं काही विचारलंच नव्हतं.